चाळीस बिऱ्हाडं, एक ठेवीदार

गिरगावातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत, मुदत ठेवींच्या खिडकीपाशी झालेलं हे बोलणं. एका सोसायटीचे खजिनदार ठेवीच्या नूतनीकरणासाठी आले होते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि इमारतीचं रंगकाम यांसाठी साठवलेले १८ लाख रुपये. पावतीच्या पाठीमागे दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, त्यावर सोसायटीचा जांभळा रबरी शिक्का. काम आटोपल्यावर त्यांनी जाता जाता विचारलं, "याला विमा आहे ना हो?" खिडकीतली मुलगी म्हणाली, "आहे ना काका, पाच लाखांपर्यंत." काकांनी तिथल्या तिथे हिशेब केला, "आमची चाळीस बिऱ्हाडं. चाळीस पंचे दोनशे. म्हणजे दोन कोटींपर्यंत काळजी नाही." मुलगी क्षणभर थांबली. "तसं नाही काका. सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. सगळ्यांचे मिळून पाच." काकांनी पावतीची घडी घालून ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. पुढे काहीच विचारलं नाही.

तो हिशेब मनातून जात नाही. ते १८ लाख चाळीस घरांतून आलेले. कुणाच्या पेन्शनमधून, कुणाच्या पगारातून, मेंटेनन्सच्या बिलात 'सिंकिंग फंड' आणि 'दुरुस्ती निधी' या दोन ओळींखाली वर्षानुवर्षं थोडे थोडे भरलेले. ज्या बँकेत ते ठेवले, तीही अशाच माणसांनी भाग काढून उभी केलेली. तरी संरक्षणाची वेळ आली की चाळीस घरं मिळून एक. याचं थोडं उत्तर विम्याच्या कायद्यात आहे, आणि बरंचसं बँकेच्या जातकुळीत. पैसा कुठून येतो, किती काळासाठी येतो आणि तो कुणाला किती काळासाठी दिला जातो, या तीन गोष्टींवरून बँकेचा प्रकार ठरतो. तिचं बळ तिथे असतं, आणि मोडायची वेळ आली तर ती मोडतेही तिथेच.

गिरगावातून काळबादेवीत शिरलं की व्यापारी बँकेचं काम डोळ्यांनी बघता येतं. मूळजी जेठा मार्केटच्या गल्ल्यांत कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, हातगाड्यांवर चढणारे गठ्ठे, गादीवर बसून चाललेले सौदे. इथला व्यापारी माल आणतो, दोन-तीन महिन्यांत विकतो, त्याची वसुली आणखी महिना-दीड महिन्यानं येते. या मधल्या काळाचा पैसा पूर्वी मुलतानी सराफ पुरवायचे. हुंडी दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळायचे ती मुदती. आज त्या जागी कॅश क्रेडिट खातं आहे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल देणारं खातं. दर महिन्याला व्यापारी स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे हातातल्या मालाचा लेखी हिशेब देतो. गोदामात १० लाखांचा माल आहे आणि त्यातला ४ लाखांचा अजून उधारीवर आहे, तर बँक स्वतःचा माल ६ लाखांचाच धरते. त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केलं की उरतात साडेचार लाख. ही त्याची ड्रॉइंग पॉवर. मंजूर मर्यादा कितीही मोठी असो, त्या महिन्यात उचल एवढीच. या व्यवहारात बिघाड होतो तो बहुतेक वेळा कागद आणि गोदाम यांच्यातल्या अंतरामुळे. तीन वर्षं न विकलेले तागे नव्या भावानं मांडले जातात, एकच माल दोन बँकांकडे तारण दाखवला जातो, उधारीचा आकडा कमी लिहिला जातो. म्हणून जुन्या पद्धतीचा अधिकारी अचानक गाळ्यात येऊन तागे मोजायचा आणि वरच्या फळीवरच्या ताग्यांवर धूळ किती आहे तेही बघायचा. ही तपासणी आता बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवली जाते. अहवाल छान छापून येतो, धुळीचा उल्लेख त्यात नसतो.

अल्प मुदतीचा पैसा अल्प मुदतीच्या धंद्याला, हा व्यापारी बँकेचा मूळ साचा. पण तीच बँक वर्षभराच्या ठेवीतून वीस वर्षांचं गृहकर्जही देते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, या अनुभवावर हे चालतं. त्या अनुभवाला कायद्यानं दोन टेकू दिलेत. ठेवींच्या ३ टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रोखीत ठेवायची, तिच्यावर व्याज नाही. आणि १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत, म्हणजे लगेच विकता किंवा गहाण टाकता येईल अशी. आपण ठेवलेल्या १०० रुपयांतले साधारण ७९ रुपयेच कर्जाच्या वाटेला जाऊ शकतात. त्यातही व्यापारी बँकेनं साधारण ४० टक्के कर्जं शेती, लघुउद्योग, घरं, शिक्षण अशा प्राधान्य क्षेत्राला द्यायची. उद्दिष्ट चुकलं तर तुटीची रक्कम नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेच्या, ग्रामीण पायाभूत सुविधा निधीसारख्या ठिकाणी कमी व्याजावर गुंतवावी लागते. फोर्टातल्या काचेच्या इमारतीत बसलेल्या बँकेचा पैसा विदर्भातल्या एखाद्या पुलापर्यंत किंवा पाझर तलावापर्यंत पोचतो, तो या वाटेनं.

मुंबईनं व्यापारी बँक बुडतानाही पाहिली आहे, तीही मोठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसासाठी वाटेल तो भाव देऊ लागल्या आणि शहरात सोन्याचा पूर आला. १८४० ची बँक ऑफ बॉम्बे सरकारी सनदेची, जपून चालणारी. तीही समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर कर्जं देऊ लागली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि तारण म्हणून घेतलेल्या शेअरांचे नुसते कागद उरले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. पुढे तीच १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत मिसळली. कापसाच्या मालावर दिलेलं कर्ज आणि कापसाच्या भावावर चढलेल्या शेअरवर दिलेलं कर्ज वहीत सारखंच दिसतं.

बुडताना मात्र ते सारखं नसतं.

टांकसाळीच्या समोर रिझर्व्ह बँक आहे. तिथे आपल्यासारख्यांचं खातं नाही, कारण ती बँकांची बँक. तिचं सगळ्यात महत्त्वाचं काम रस्त्यावरून दिसत नाही. प्रत्येक मोठ्या बँकेचं तिच्याकडे एक चालू खातं असतं आणि दिवसभरातले बँकाबँकांमधले देणेघेणे शेवटी त्या खात्यांतून मिटतात. नोटांचीही तीच गत. काही ठरावीक शाखांमध्ये करन्सी चेस्ट असतो. तिजोरी त्या बँकेच्या इमारतीत, पण आतला पैसा रिझर्व्ह बँकेचा. शाखेतली जादा रोकड, १०० नोटांचं पाकीट आणि अशा १० पाकिटांचं बंडल करून, चेस्टमध्ये गेली की त्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा धरली जाते. लहान सहकारी बँकेकडे चेस्ट नसतो. तिची व्हॅन मोठ्या बँकेच्या दारात जाते आणि नोटा स्वीकारण्याचं शुल्क तिला मोजावं लागतं. चेकचंही असंच. चेकच्या तळाच्या पांढऱ्या पट्टीवर नऊ आकडे असतात: पहिले तीन शहराचे, मुंबईचे ४००, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आता चेकचा कागद प्रवास करत नाही, त्याची प्रतिमा जाते. तरी अनेक छोट्या बँका क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवघेवीत, थेट सभासद नाहीत. एखादी मोठी बँक त्यांची प्रायोजक असते आणि त्या तिच्या खात्यातून हिशेब पुरा करतात. ती साखळी एका दुव्यापाशी तुटली, की छोट्या बँकेच्या खातेदाराचा भरपूर शिल्लक असलेल्या खात्यावरचा चेकही परत येतो. ठेवीदाराला या व्यवस्थेची पहिली ओळख बऱ्याचदा अशा रिटर्न मेमोनं होते.

लहान बँकेच्या कागदाला मोठ्या व्यवहारात किती किंमत द्यावी, हा प्रश्न १९९२ मध्ये सगळ्या देशाला पडला. त्या काळी सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या लोक ऋण कार्यालयात हातानं व्हायची. नोंदीला वेळ लागे, म्हणून रोखे विकणारी बँक विकत घेणाऱ्या बँकेला एक पावती लिहून द्यायची: रोखे तुमचे, हाती येताच देतो. तिला बँक रिसीट म्हणत. पावती विश्वासावर चाले आणि विश्वास दलालाच्या मध्यस्थीनं. मग काही पावत्या अशा निघाल्या की त्यांच्या मागे रोखेच नव्हते. त्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँका होत्या. आणि त्यांचे कागद आपल्या तिजोरीत ठेवून मोठ्या बँका कोट्यवधी रुपये सोडत होत्या, जे पुढे शेअर बाजारात गेले. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या जानकीरामन समितीनं हा सगळा मार्ग उलगडून दाखवला. कऱ्हाडच्या बाजारपेठेतल्या, साताऱ्याच्या ऊस-हळदीच्या पैशावर वाढलेल्या बँकेचं नाव फोर्टातल्या व्यवहारात असं संपलं, याचं अजूनही वाईट वाटतं. आज रोख्यांचे व्यवहार हातच्या पावतीवर होत नाहीत. दादर पश्चिमेला क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची इमारत आहे. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध ही संस्था उभी राहते. एका हातानं रोखे आणि दुसऱ्या हातानं पैसे, दोन्ही एकाच वेळी. २००२ पासून हे काम रोज चालतं. भाजी बाजाराच्या गर्दीतून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असतं, की देशातल्या सरकारी रोख्यांचा हिशेब इथे पुरा होतो.

दीर्घ मुदतीच्या पैशासाठी मुंबईत वेगळ्याच संस्था उभ्या राहिल्या. कारखाना उभारायला चार वर्षं, नफा दिसायला आणखी चार. अशा कर्जाला वर्षाची ठेव पुरत नाही. म्हणून १९५५ मध्ये आयसीआयसीआय आणि १९६४ मध्ये आयडीबीआय या विकास वित्तसंस्था निघाल्या. त्यांचा पैसा सरकारकडून, रिझर्व्ह बँकेच्या खास निधीतून, जागतिक बँकेकडून यायचा, स्वस्त आणि दहा-पंधरा वर्षांचा. नव्वदच्या दशकात तो स्वस्त झरा आटला. मग बाजारभावानं पैसे उभारून पोलादाच्या आणि विजेच्या प्रकल्पांना द्यायचे, आणि प्रकल्प रखडला की व्याज साचत बघत बसायचं, अशी वेळ आली. अखेर २००२ मध्ये आयसीआयसीआय स्वतःच्याच बँकेत विलीन झाली, आयडीबीआय २००४ मध्ये बँक बनली, आणि दोघी बचत खात्यांच्या मागे लागल्या. लांब पल्ल्याचं कर्ज नंतर व्यापारी बँकांच्या अंगावर आलं. रस्ते, वीज यांतल्या ज्या थकबाकीनं पुढे सरकारी बँका वाकल्या, त्याचं एक मूळ इथे आहे. २०२१ मध्ये पायाभूत सुविधांसाठी पुन्हा वेगळी विकास बँक, नॅबफिड, मुंबईतच काढावी लागली. एक प्रकारची बँक बंद केली म्हणून तिचं काम संपत नाही, ते दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर जाऊन बसतं.

वांद्रे-कुर्ला संकुलात नाबार्ड आहे, आणि गिरणगावातल्या कोणत्याही जुन्या चाळीशी तिचं नातं जुळतं. खोलीतला एक भाऊ गिरणीत, दुसरा साताऱ्याला नाहीतर सिंधुदुर्गात शेतावर, ही मुंबईची जुनी घडी. गावाकडच्या भावाला पीककर्ज मिळतं ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून. सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती बँक देते, जिल्हा बँकेला राज्य सहकारी बँक, आणि तिला पुनर्वित्त देते नाबार्ड. पैसा चार पायऱ्या उतरून शेतात येतो, आणि वसुली त्याच पायऱ्या चढत परत जायची असते. मधली एक पायरी कच्ची असली की वर-खाली दोन्हीकडे अडतं. ठरल्या तारखेच्या आत परतफेड झाली तर व्याजात सवलत मिळते, ३ लाखांपर्यंत महाराष्ट्रात ते शून्यावर येतं. म्हणून हातात पैसा नसला तरी शेतकरी दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी उसने आणतो, कर्ज भरतो आणि लगेच नवं उचलून उसने फेडतो. याला गावात 'नवं-जुनं' म्हणतात. कागदावर वसुली पूर्ण, शेतात काहीच बदललेलं नाही, आणि मधल्या दोन दिवसांचं व्याज सावकाराच्या खिशात. ग्रामीण पतपुरवठ्याच्या गोरवाला समितीनं १९५४ च्या अहवालात दाखवलं होतं, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता आणि सावकारांचा सुमारे ७०. तिथून आपण खूप पुढे आलो, हे खरं. पण नवं-जुनं चालू आहे तोवर सावकार गावातून गेला असं म्हणवत नाही.

नव्या प्रकारांबद्दल थोडक्यात. पेमेंट्स बँक एका ग्राहकाचे दिवसअखेर २ लाखांपर्यंतच पैसे ठेवू शकते आणि तिला कर्ज देता येत नाही. चालू आणि बचत खात्यांतला किमान ७५ टक्के पैसा तिनं सरकारी रोख्यांतच ठेवायचा. त्यामुळे कर्ज बुडण्याचा धोका तिला जवळजवळ नाही, आणि कमाईची वाटही अरुंद. परगावी पैसे पाठवणाऱ्या कामगारासाठी ती चांगली सोय आहे. स्मॉल फायनान्स बँकेची निम्मी कर्जं २५ लाखांपर्यंतची असली पाहिजेत. त्यातली पुष्कळशी विनातारण, बचत गटांसारख्या गटांना दिलेली. पूर किंवा टाळेबंदी आली की एकाच वस्तीतले सगळे हप्ते एकदम थांबतात. या बँका ठेवीवर थोडं जास्त व्याज देतात ते या जोखमीमुळे, हे ठेवीदारानं ध्यानात ठेवावं.

आता पुन्हा सहकारी बँकेकडे, कारण मुंबईच्या मराठी घरांचा जीव तिथेच गुंतलेला आहे. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि दोन वर्षांत शामराव विठ्ठल बँक सुरू झाली, १९१८ मध्ये सारस्वत. ज्याला मोठ्या बँकेच्या दारात कुणी विचारत नव्हतं, त्या कारकुनाला, छापखानावाल्याला, खानावळ चालवणाऱ्या बाईला इथे कर्ज मिळालं. रचना साधी होती. कर्ज घ्यायचं तर आधी भागधारक व्हायचं. तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या ५ टक्के रक्कम भागांत गुंतवायची, असा नियम बहुतेक ठिकाणी होता. म्हणजे ५ लाखांच्या तारणी कर्जामागे साडेबारा हजार. दोन जामीनदार, तेही ओळखीतले. पगारदारांच्या संस्थांत हप्ता मालकाकडूनच परस्पर कापून येई, म्हणून थकबाकी नावापुरती. शाखाधिकाऱ्याला कर्जदाराचं दुकान, त्याचा गणपतीतला धंदा, पावसाळ्यातली मंदी, घरातलं आजारपण हे सगळं ठाऊक असायचं. संगणकाला जे दिसत नाही ते पाहून दिलेलं कर्ज सहसा बुडत नाही. सहकारी बँकेचं खरं भांडवल ही ओळख आहे, आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं.

पण ओळख मोठी होत गेली की तिची भीड होते. संचालकाच्या ओळखीचा बांधकाम व्यावसायिक येतो, आधी एका इमारतीसाठी, मग दुसरीसाठी. पहिलं कर्ज थकलं की ते थकीत दिसू नये म्हणून दुसरं मंजूर होतं. २००१ मध्ये गुजरातच्या माधवपुरा बँकेच्या मुंबईतल्या मांडवी शाखेतून पुरेशा तारणाशिवाय पे-ऑर्डरी, म्हणजे बँकेनं स्वतःच्या नावावर काढलेले चेक, निघाल्या आणि शेअर बाजारात गेल्या. त्या धक्क्यानंतर सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली, पण मित्राला नातेवाईक म्हणत नाहीत. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत उघड झालं, की एकूण कर्जाचा दोन-तृतीयांशाहून मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे होता आणि तो हजारो बनावट खात्यांच्या आड लपवलेला होता. २३ सप्टेंबरला निर्बंध आले. एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये. ती मर्यादा हळूहळू वाढत १ लाखापर्यंत गेली. बँकेचा प्रश्न सुटायला जानेवारी २०२२ उजाडला. या मधल्या २८ महिन्यांत लोकांची ऑपरेशनं, लग्नं, फीच्या तारखा थांबल्या नव्हत्या.

मार्च २०२० मध्ये येस बँकेवरही निर्बंध आले होते, ५०,००० रुपयांच्या मर्यादेचे. ते १३ दिवसांत उठले. दोन बँकांतला हा फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याचं कारण माया-ममतेत नसून रचनेत आहे. खासगी बँकेचे शेअर विकता येतात. स्टेट बँकेनं आणि इतर बँकांनी भांडवल घातलं आणि त्या बदल्यात मालकी घेतली. सहकारी बँकेचा भाग दर्शनी किमतीलाच परत मिळतो, साठलेल्या गंगाजळीत भागधारकाला वाटा नसतो, आणि एक भाग असो की हजार, मत एकच. बाहेरून १०० कोटी आणून घालणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. जी रचना सावकाराला आत शिरू देत नाही, तीच रचना तारणहारालाही आत येऊ देत नाही. नागरी सहकारी बँकांसाठी २०२४ मध्ये एक शिखर संस्था सुरू झाली आहे, ती अडचणीच्या वेळी रोखीची आणि भांडवलाची मदत करेल अशी कल्पना आहे. ती लवकर सशक्त व्हायला हवी. तोवर मार्ग एकच, मोठ्या बँकेत विलीनीकरण. त्यात ठेव वाचते, पण कोपऱ्यावरची ओळखीची शाखा जाते.

ठेव विम्याची गोष्टही इथल्याच मातीतली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. मर्यादा १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि मग थेट ४ फेब्रुवारी २०२० ला ५ लाख. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. ४,८०,००० ची ठेव व्याजासह ५,२०,००० झाली असेल तर वरचे २०,००० विम्याबाहेर. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा असेल तर ती वेगळी ठेव धरली जाते. स्टेट बँकेलाही मर्यादा तीच. निर्बंध आले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार ही रक्कम ९० दिवसांत मिळायची असते. पतसंस्थेला मात्र हा विमा अजिबात नाही, रिझर्व्ह बँकेचा परवानाही नाही. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते. आकर्षक पाटी, पासबुक, पिग्मी गोळा करणारा ओळखीचा मुलगा, दिसायला सारं बँकेसारखं. ज्यांचे पैसे अशा संस्थांत अडकले, त्यांतल्या अनेकांना हा फरक पैसे अडकल्यावरच कळला.

सोसायट्यांचं दुखणं सगळ्यात मोठं, कारण त्यांचा निधी सहकारी क्षेत्रातच ठेवायची रीत आहे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या २०२२ च्या विलीनीकरण योजनेत व्यक्तींच्या विम्याच्या मर्यादेपलीकडच्या ठेवी दहा वर्षांत टप्प्यांनी मिळायच्या होत्या, आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या त्या मर्यादेपलीकडच्या रकमेतला ८० टक्के भाग १ टक्का लाभांशाच्या प्राधान्य भागांत बदलला गेला. गच्ची गळतेय आणि हातात प्राधान्य भागांची नोंद. गृहनिर्माण सोसायटीच्या ठेवीचा विमा सभासदांच्या संख्येनं मोजावा, ही मागणी आता जोरात व्हायला हवी. त्यासाठी नवी माहिती गोळा करावी लागत नाही. सभासदांची नोंदवही प्रत्येक सोसायटीला कायद्यानं ठेवावीच लागते. हप्ता वाढेल, पण १०० रुपयांमागे वर्षाला १२ पैसे हा मार्च २०२६ पर्यंतचा सरसकट दर पाहता तो परवडणारा आहे. १ एप्रिल २०२६ पासून हा हप्ता बँकेच्या जोखमीनुसार ठरवायची पद्धत आणली आहे, तेव्हा नियम बदलायला हीच वेळ योग्य.

तोवर कमिटीनं करायच्या गोष्टी हातातल्या आहेत. निधी चार-पाच बँकांत विभागायचा, प्रत्येक ठिकाणी व्याज धरून ५ लाखांच्या आत राहील असा. ज्या कामाला दोन वर्षांत हात घालायचा आहे, त्याचे पैसे पाच वर्षांच्या ठेवीत टाकायचे नाहीत. पाव टक्का जास्त व्याजासाठी बँक बदलण्याआधी तिचा वार्षिक अहवाल मागायचा. भागधारकाला तो सप्टेंबरअखेरच्या सर्वसाधारण सभेआधी मिळतो. अध्यक्षांचं मनोगत आणि सत्काराचे फोटो उलटून थेट ताळेबंदाच्या टिपांकडे जायचं. भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल किती), ढोबळ आणि निव्वळ (तरतूद वजा जाता) थकीत कर्जं, हे आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी छापलेले असतात. त्यांच्याच आसपास आणखी एक ओळ सापडते, सर्वात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचे किती टक्के आहेत याची. तो आकडा वर्षागणिक चढत असेल, तर सभेत उभं राहून संचालकांना त्याचं कारण विचारायचं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचं.